श चा देठ आणि काकूंचं कार्ड

दिवाळी संपून आठवडा झाला असेल. काकू घरी आल्या त्या रबर लावलेला व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन. बाळीवेशीतल्या, नव्या पेठेतल्या, टिळक चौकातल्या दुकानांची कार्डं होती ती. त्यातलं एक ओढून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "असलंच करून दे गं. देऊळ तेवढं जरा मोठं काढ."

कार्डावर सिद्धेश्वराचं देऊळ होतं. तळं, शिखर, पाण्यातलं प्रतिबिंब. मग मी आख्खा गठ्ठा फरशीवर पसरला. कापडवाला, ट्रॅव्हल्सवाला, पिठाची गिरणी, मोबाइल दुरुस्ती, आणि निम्म्यांच्या कार्डांवर तेच शिखर. सिद्धरामेश्वर सगळ्या सोलापूरचा आहे, म्हणून देऊळही सगळ्यांचं आहे. जे सगळ्यांचं आहे त्यावरून एकट्या काकूंना कुणी कसं ओळखावं, हे मी त्यांना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग काय काढतीस?"

मलाही तेव्हा माहीत नव्हतं. "तुमचं काम बघायला येते," एवढंच म्हणाले.

काकूंचा धंदा शेंगाचटणीचा आणि कडक भाकरीचा. घरातूनच चालतो, मदतीला दोन बायका. धंद्याला सासूबाईंचं नाव दिलंय. ते नाव इथे लिहायचं नाही असं त्यांनी सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. एवढं सांगते की नाव तीन अक्षरी आहे, श ने सुरू होतं आणि मधे ल आहे. पुढचं सगळं या दोन अक्षरांमुळे घडलं.

सकाळी सातला गेले तेव्हा भाजलेल्या दाण्यांचा वास जिन्यापर्यंत आला होता. दाणे भाजून, चोळून, सालं पाखडून ठेवलेली. उखळात आधी लसूण, जिरं, मीठ, मग तिखट, मग दाणे. मुसळाचे घाव ऐकत बसले. पहिल्यांदा आवाज कोरडा येतो, दहा-पंधरा मिनिटांनी जड होतो, कारण दाण्याला तेल सुटायला लागतं. मिक्सरमध्ये दाण्याचा कोरडा भुगा होतो, तशी चटणी काकू विकत नाहीत. त्यांची चटणी बोटात धरली की चिकटून राहते, बोट लाल आणि तेलकट होतं. कुणीतरी अर्धा किलो न्यायला आलं, काकूंनी पिशवी बांधली, पैसे घेतले, आणि तसल्याच हातानं एका जुन्या कागदावर फोन नंबर लिहून दिला. कागदावर तेलाचा ठसा उमटला.

तो ठसा बघितला आणि कार्डाचा कागद तिथंच ठरला. लोगोचा मात्र अजून पत्ता नव्हता.

मी आठ वर्षं एका डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला देणाऱ्या दुकानात काम केलं. तिथं लोगो म्हणजे डाव्या कोपऱ्यातलं चित्र. गिऱ्हाईक उभं असायचं, मालक म्हणायचे मॅटर टाक, बाजूला एक चित्र लाव, कर्व्ह कर, पाठवून दे. कर्व्ह करणं म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचं चित्रच करून टाकणं, मग दुसरीकडे फाँट नसला तरी ती बदलत नाहीत. एकच टोपीवाला स्वयंपाकी आम्ही मेसला, केटररला आणि वडापावच्या गाड्यालाही लावला होता. कुणीच तक्रार केली नाही, आणि मला अजून वाईट वाटतं ते याचंच. त्या माणसांनी आयुष्यात एकदाच कार्ड छापलं असेल, आणि आम्ही त्यांना दुसऱ्याचं चित्र दिलं.

काकूंसाठी मी आधी उखळ-मुसळ काढलं. लहान केल्यावर ते हुबेहूब औषधाच्या दुकानाची खूण दिसायला लागलं, कारण खल-बत्ता जगभर औषधवाल्यांनी आधीच घेतलेला आहे. मग शेंग काढली, तर ती आठच्या आकड्यासारखी किंवा खाऱ्या दाण्याच्या पुडीवरच्या चित्रासारखी. चार दिवस गेले. शेवटी चित्र सोडून दिलं आणि नावच ब्रशनं लिहायला बसले. पानंच्या पानं फक्त श.

मराठी श आणि ल वेगळे असतात, हे आपण लिहितो सगळे पण क्वचितच बघतो. आपला श देठाचा आणि ल पाकळीचा. हिंदी छपाईत दोन्हींची ठेवण निराळी असते. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयात प्रमाण मराठी वर्णमाला ठरवली तेव्हा देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल हीच रूपं धरली आहेत. पण कॉम्प्युटरवर टाइप केलं की बहुतेक वेळा हिंदी वळणाचीच अक्षरं उमटतात. अनेक फाँटांमध्ये मराठी रूपं आत दडलेली असतात, पण भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. काही फाँटांत मुळातच नसतात. म्हणून शहरातले फलक वाचत फिरलं तर शाळा, शेतकरी, लक्ष्मी, कमल या सगळ्यांचे श आणि ल परके दिसतात.

ती पानं घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, वडिलांचा भुईमूग असायचा. त्यांनी एक पान उचललं, लांब धरलं आणि म्हणाल्या, "ह्याला आऱ्या सुटल्यासारखं दिसायलंय की."

आऱ्या म्हणजे काय, मला विचारावं लागलं. त्यांनी सांगितलं. भुईमुगाचं पिवळं फूल लागतं वर, झाडाला. ते सुकलं की त्याच्या जागेवरून एक देठासारखा दोरा खाली जमिनीकडे वाढतो आणि मातीत घुसतो. त्याच्या टोकाला शेंग धरते, तीही मातीच्या आत. तो दोरा म्हणजे आऱ्या. आऱ्या सुटायच्या वेळी माती भुसभुशीत नसेल तर शेंग धरत नाही, म्हणून त्याआधी झाडाच्या बुंध्याला मातीची भर द्यायची.

त्या बोलत होत्या आणि मला अक्षर दिसत होतं. शिरोरेषा म्हणजे जमीन. तिच्यातून खाली उतरणारा श चा देठ म्हणजे आऱ्या. आणि खालची गोलाई किंचित चिमटून दोन दाण्यांची शेंग. वेगळं चित्र लावायची गरजच उरली नाही. त्या संध्याकाळी जुळे सोलापूरला घरी येईपर्यंत मी रिक्षात वहीवर तेच काढत होते. आमच्या गावात मराठीतही शेंगा आणि कन्नडमध्येही शेंगाच म्हणतात. काकूंच्या घरात कन्नड बोलतात. त्यांच्या गिऱ्हाइकांत तेलुगू बोलणारी कितीतरी घरं आहेत, त्यांना अक्षर वाचता आलं नाही तरी शेंग दिसेल, हेही मनात होतं.

लोगो झाल्यावर तो मी तीन ठिकाणी तपासते. काळ्या रंगात झेरॉक्स काढून. एक सेंटिमीटरचा करून, कारण रबरी शिक्का आणि पिशवीवरचं स्टिकर एवढंच असतं. आणि गोलात घालून, कारण व्हॉट्सअपचा फोटो गोल असतो आणि आपली शिरोरेषा आडवी, लांब, तिची दोन्ही टोकं कापली जातात. गोलासाठी म्हणून फक्त श वेगळा केला, शिरोरेषेची टोकं गोलाच्या कडेपर्यंत नेली. शेंगेच्या चिमटीची जागा एक सेंटिमीटरला बुजत होती, ती दोनदा रुंद केली.

रंगासाठी चटणीच समोर ठेवली होती. मोबाइलवर जो लाल झळकतो तो कागदावर येत नाही, कारण पडदा प्रकाशानं रंग दाखवतो आणि छपाई शाईनं. मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि यलो (पिवळी) या छपाईच्या शाया पूर्ण धरल्या तर कुंकवासारखा लाल आला. त्यात थोडा काळा मिसळला तेव्हा कुटून तेल सुटलेल्या चटणीच्या जवळ गेला. प्रेसमध्ये एकाच मोठ्या शीटवर वीस जणांची कार्डं एकत्र लागतात, त्यामुळे शेजारच्या कार्डाचा निळा जास्त हवा असेल तर आपला लाल थोडा हलतो. हे काकूंना आधीच सांगून ठेवलं.

कार्ड ९० बाय ५४ मिलिमीटर. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारी जादा कड सोडली, म्हणून फाइल ९६ बाय ६०. अक्षरं कडेपासून ५ मिलिमीटर आत. इंग्रजी मजकुराला कडेपासून थोडं कमी अंतर चालतं, पण मराठीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो. कटरचा हात जरा सरकला की 'पेठ'ची मात्रा जाते आणि 'पठ' उरतं. त्याच कारणानं मराठी मजकूर ९ पॉइंटाचा घेतला, इंग्रजी ७ चा. आकडा सारखा ठेवला तर मराठी बारीकच दिसतं, मात्रांनाच निम्मी जागा जाते. पत्त्यासाठी मुक्ता फाँट घेतला. तो मोफत आहे, धंद्यासाठी वापरायची परवानगी आहे, आणि त्यात देवनागरी आणि रोमन एकाच हातानं काढल्यासारखे जुळतात.

पुढची बाजू मराठी, मागची इंग्रजी. पार्सलं हैदराबादला आणि बेंगळुरूला जातात, तिथल्या पोरांनी ऑफिसात कार्ड दाखवायला इंग्रजी लागतं. पण पुढे मराठीच, यावर मी अडून बसले. काकूंचा पुतण्या म्हणाला, पैसे भरायचा क्यूआर मोठा टाका, लाल पार्श्वभूमीवर पांढरा. पैसे तर काउंटरवर भरतात, कार्ड घरी गेल्यावर लागतं ते पुन्हा मागवायला. म्हणून क्यूआर व्हॉट्सअपचा ठेवला, दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, भोवती रिकामी पट्टी सोडून. उलट्या रंगाचा कोड काही फोन वाचतच नाहीत, हे त्याला त्याच्याच जुन्या फोनवर दाखवलं तेव्हा पटलं. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर त्याला कार्डावर हवा होता, तो पाकिटाच्या लेबलवर गेला, जिथं तो असायलाच हवा.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन. एकाच बाजूनं केलं तर कार्ड वाकडं होतं. लॅमिनेशनवर बॉलपेननं नीट लिहिता येत नाही, हा तोटा आहे, आणि एरवी मी छोट्या धंद्यांना साधाच कागद सुचवते. पण तो तेलाचा ठसा माझ्या डोळ्यासमोर होता.

आता चूक सांगते. फाइल प्रेसला गेल्यावर काकूंनी फोन नंबर बदलला. मी घाईत होते. अक्षरं कर्व्ह न करता उघडी फाइलच पाठवली आणि नंबर तिकडेच बदलून घ्या म्हणाले. तिथल्या ऑपरेटरकडे फाँट नव्हता. त्यानं नंबरासोबत खालची सगळी ओळच आपल्या फाँटात पुन्हा टाइप केली. छपाईआधी तपासायचा नमुना, म्हणजे प्रूफ, मोबाइलवर आलं, मी नंबर तपासला, बरोबर होता, हो म्हणाले. हजार कार्डं छापून आली.

काकूंची नात दुसरीत आहे. तिनं खोक्यातून एक कार्ड काढलं, वरचं नाव वाचलं, खालच्या ओळीतलं तेच नाव वाचलं आणि म्हणाली, "आजी, हा ल चुकलाय. असा काढला की बाई खोडायला लावतात." वर माझा पाकळीचा ल, खाली दुसराच. श चंही तसंच. एकाच कार्डावर सासूबाईंचं नाव दोन वळणांचं झालं होतं.

काकू म्हणाल्या राहू दे, कुणाला कळतंय. पण त्या पोरीला कळलं होतं. मी रात्रभर तळमळत होते. ऑपरेटरची चूक नव्हती, त्याला मी अर्धवट काम दिलं होतं. सकाळी प्रेसमध्ये गेले, सगळं कर्व्ह करून दिलं, या वेळी प्रूफ कागदावर काढून घेतलं आणि प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचलं. दुसऱ्या हजारांचे पैसे मी भरले. माझी फी साडेतीन हजार होती, त्यातले बरेच त्यात गेले. पहिली हजार कार्डं माझ्या कपाटात आहेत. फाइल बाहेर पाठवण्याआधी कपाट उघडून एकदा तिकडे बघते.

नवी कार्डं गड्ड्याच्या यात्रेआधी, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या जत्रेआधी चार दिवस हातात आली. संक्रांतीला होम मैदानावर काकूंचा स्टॉल होता. मी संध्याकाळी गेले तेव्हा गर्दी एवढी की त्या एका हातानं चटणी मोजत होत्या आणि दुसऱ्या हातानं पिशवीत कार्ड टाकत होत्या. एका कार्डावर लाल बोट उमटलं. त्यांनी ते पदराला पुसलं, बघितलं, आणि पुढच्या पिशवीत टाकलं.

आता कडक भाकरीचा खोका करायचाय. भाकरी गोल, खोका चौकोनी, आणि वाटेत ती तुटू नये म्हणून आत काय घालायचं हा वेगळा प्रश्न. काल रात्री शिरोरेषा झाकणाच्या बरोबर कडेवर बसवून बघितली. झाकण उघडलं की देठ आत उतरतो आणि शेंग तळाला दिसते. पण हा खोका भाकरीचा, आणि भाकरी ज्वारीची. तिथं शेंग का, असं काकू विचारतील. ज्वारीचं कणीस कुठल्या अक्षराला लागतं ते शोधायला लागेल.