‘मला’ लिहिलंय अन् पोरगी ‘मले’ वाचते

माझी मोठी पोरगी दुसरीत आहे, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. मागच्या दिवाळीची गोष्ट. सोयाबीनची सोंगणी नुकतीच उरकली होती, घरी पाव्हणे आलेले, अन् ती सपरीत बसून मोठ्यानं वाचत होती. पुस्तकात होतं ‘आई म्हणाली, मला पाणी दे’. हिनं वाचलं ‘आई म्हणाली, मले पाणी दे’. पाव्हण्यांपैकी एक जण हसले, हे कसलं वाचन म्हणाले. मला लाज वाटली म्हणून मीही सगळ्यांसमोर तिला रागावली, नीट पाहून वाच, काय लिहिलंय ते. तिनं पुस्तक मिटलं अन् पुढचे आठ-दहा दिवस हात लावला नाही.

त्या आठ दिवसात मी लई विचार केला. माझं स्वतःचं शिक्षण बारावीपर्यंत, डीएड वगैरे काही नाही, पण एवढं मला कळलं की ती चुकलीच नव्हती. जे पोरगं नुसती अक्षरं जोडत असते ते म... ला... असं तोडून वाचते, त्याला अर्थाशी काही घेणं नसते. हिनं वाक्य डोळ्यानं घेतलं, समजून घेतलं अन् ज्या बोलीत ती दिवसभर बोलते त्या बोलीत तोंडातून काढलं. आपल्या वऱ्हाडात मला म्हणते कोण? सगळे मलेच म्हणतात. म्हणजे तिचं वाचन अर्थापर्यंत पोचलं होतं, अन् मी तिला नेमकं तिथंच अडवलं.

तेव्हापासून मी एक फरक करते. ‘मला’चं ‘मले’ झालं, ‘कशाला’चं ‘कायले’ झालं तर वाक्य पूर्ण होऊ देते, मधात तोंड घालत नाही. पण ‘आई घर झाडते’ याच्या जागी ‘आई धर झाडते’ आलं तर थांबवते, कारण तिथं अर्थ मोडला. तेही ‘चूक’ म्हणत नाही, फक्त विचारते, धर झाडते असं असते का वं? मग ती स्वतःच मागं जाते अन् पाहते. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या लेकरांना फसवतातच, कारण दिसायला सारख्या आहेत. अन् ऱ्हस्व वेलांटीचं तर विचारूच नका. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, अन् बोलताना क आधी मग इ. सहा-सात वर्षांच्या लेकराला हे उलटं वाटणारच, त्यात त्याचा आळशीपणा नसतो.

आणखी एक गोष्ट आपल्याच भागातली. आपण ळ चा य करतो. डोळ्याला डोया, फळ्याला फया, पोळ्याला पोया. वाचताना ती ‘डोया’ म्हणाली तरी मी जाऊ देते, पण लिहिताना तिनं कानाला ऐकू आलं तसं ‘फया’ लिहिलं तेव्हा मात्र बसून सांगितलं की बोलताना फया, लिहिताना फळा, दोन्ही आपलेच आहेत. तिनं ते इतक्या सहज घेतलं की मलाच नवल वाटलं.

आता सगळ्यात जास्त कशानं फरक पडला ते सांगते. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण गोष्टींचं भांडार आहे. एक दिवस मी शंभर पानी वही घेतली अन् त्या सांगत होत्या तसंच्या तसं उतरवून घेतलं, शब्द न बदलता. त्यांच्या माहेरच्या ढवळ्या बैलाची गोष्ट, तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांमागं कसा गेला ती. ‘आमच्या घरी एक बैल होता. तो दुसऱ्याच्या हातचं पाणीच पेत नव्हता.’ मोठ्या अक्षरात, एका पानावर चार-पाच ओळी. पोरीनं ती वही घेतली अन् अडखळत का होईना पण शेवटपर्यंत वाचली, कारण त्यातला एकही शब्द तिला परका नव्हता. नंतर समोरच्या पानावर मी तीच गोष्ट पुस्तकी मराठीत लिहिली. दोन्ही पानं तिनं आळीपाळीनं वाचली अन् स्वतःच बोट ठेवून म्हणाली, इथं पेत आहे अन् इथं पीत आहे. मी काहीच शिकवलं नव्हतं. आता त्या वहीत अकरा गोष्टी झाल्या, अन् बारका अजून अंगणवाडीत आहे तोही चित्रं काढायला वही मागतो.

विकतची पुस्तकं आमच्याकडे मोजकीच. पण वाचायला पुस्तकच पाहिजे असं थोडी आहे. फाट्यावर एसटीची वाट पाहताना मी तिला पाट्या वाचायला लावते. आर्णीत रफार सापडतो, दिग्रसमध्ये ग्र, दारव्ह्यात व्ह, अन् महाराष्ट्रमधला ष्ट्र तर तिनं दोन आठवडे घोकला. र किती रूपात येतो हे तिला पुस्तकापेक्षा पाट्यांनी जास्त शिकवलं. बियाण्याची पिशवी, लग्नाची पत्रिका, ग्रामपंचायतीचा फळा, सगळं चालते. एक मात्र पाहून घ्या, बाजारातून भिंतीवरचा तक्ता आणाल तर त्यातला ल अन् श पाहा. मी आणलेल्या तक्त्यात हिंदी वळणाचे होते अन् पाठ्यपुस्तकात पाकळीचा ल, देठाचा श. पोरगी दोन-तीन दिवस गोंधळली, मला कारण उशिरा समजलं.

मोबाईलचाही उपयोग होतो, नाही म्हणत नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत चित्रांच्या गोष्टी फुकट आहेत, लेव्हलप्रमाणे लावलेल्या, पहिल्या लेव्हलला एका पानावर एखाद-दोनच वाक्यं. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंक ऑनलाइन आहेत, पण ते जरा मोठ्या पोरांसाठी, आम्ही त्यातलं मी वाचते अन् ती ऐकते असं करतो.

मधात एक चूक झाली तीही सांगते. निपुण भारत हे लहान लेकरांना वाचता-लिहिता अन् हिशेब करता यावा म्हणून केंद्र सरकारचं अभियान २०२१ पासून सुरू आहे, त्यात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द अन् तिसरीत किमान ६० असं उद्दिष्ट आहे. हे ऐकून मी मोबाईलवर टायमर लावून बसली. पोरगी सुसाट पळायला लागली, पूर्णविराम पण गिळायची, अन् काय वाचलं विचारलं तर तोंडाकडे पाहायची. त्या उद्दिष्टात समजून वाचणं हेही आहेच, ते मी सोडून दिलं अन् आकडा धरला. टायमर बंद केला तेव्हा कुठं ती पुन्हा थांबून थांबून वाचायला लागली.

आता आमचं रोजचं दहा-पंधरा मिनिटांचं असते, जेवण झाल्यावर. वेचणीच्या दिवसात माझे डोळे मिटतात, खोटं कायले सांगू, तेव्हा ती आजीजवळ जाते. सासूबाईंना वाचता येत नाही पण ऐकता फार चांगलं येते. मधामधात विचारतात, मंग काय झालं? अन् त्या म्हातारीनं त्याले जेवाले काहून नाही देलं? मग पोरगी पान मागं उलटवून शोधते. हे काम मला कधी जमलं नाही, मी पुढं काय आहे ते आधीच पाहून बसलेली असते.

परवा अशीच ऐकत असताना सासूबाईंना काय वाटलं माहीत नाही, त्यांनी विचारलं, तसंच लिहेल हाय का वं त्याच्यात, मले? पोरगी म्हणाली, नाही आजी, लिहेल तं मला हाय, पण तुले सांगताना मले म्हणतो मी.