सिम बदललं की कुलूप उघडलं!

आज टीममधल्या नव्या पोरांना 'ऑथरायझेशन बायपास', म्हणजे परवानगीची तपासणी चुकवून आत शिरणं, समजवायचा होता. व्याख्या बाजूला ठेवली आणि थेट २०२२चा, गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या एका चुकीचा किस्सा सांगितला. डेव्हिड शुट्झ या संशोधकाला ती चूक योगायोगानेच सापडली होती.

लॉक असलेल्या फोनमध्ये चोराने स्वतःचं सिम घालायचं. सिमचा पिन मुद्दाम तीनदा चुकवायचा. फोन पीयूके (अडकलेलं सिम पुन्हा उघडणारा कोड) मागतो, तो चोराकडे असतोच, सिम त्याचंच ना! मग नवा पिन टाकला की थेट होमस्क्रीन. मालकाचा पासवर्ड कुणी विचारलाच नाही.

खरी गंमत कोडमध्ये. पीयूके बरोबर आला की 'समोरचा पडदा (स्क्रीन) काढा' असा आदेश जायचा. पण सिम चालू झाल्याचं कळताच दुसऱ्याच प्रक्रियेने पीयूकेचा पडदा आधीच बदललेला असायचा. आता समोर असायचा फोनच्या लॉकचा पडदा, आणि आदेश लागू व्हायचा त्याला! नेमका कोणता पडदा काढायचा, हे आदेशात नव्हतंच. दुरुस्तीत ते घातलं.

"सर, टेस्टिंगमध्ये कसं नाही सापडलं?" एकीने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. मला वाटतं, दोन्ही पडदे वेगवेगळे तपासले जातात, एकामागोमाग घडताना कोण बघतंय?

जूनमध्ये कळवलेली ही गोष्ट नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये सुधारली. बक्षीस ७०,००० डॉलर. हा आकडा ऐकून मागच्या रांगेतलेही जागे झाले. चहाच्या वेळी दोघं चक्क सिम काढून बसलेले. अरे बाबांनो, ते भोक केव्हाच बुजवलंय!