चौक लिहिणाऱ्या बायका

डहाणू तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी बारा वर्षं चित्रकला शिकवते. गेल्या महिन्यात एका प्रदर्शनासाठी अर्ज भरला. त्यात दोन रकाने होते, 'चित्रकला' आणि 'हस्तकला'. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वारली आजीने कापडावर लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर असतं ते देवीचं चौकोनी चित्र, करून दिला होता. मी 'चित्रकले'वर खूण केली. आयोजकांनी ती खोडून 'हस्तकला' केलं. त्याच पाड्यावरच्या एका तरुणाचं चित्र मात्र चित्रकलेतच राहिलं. तेच तांदळाचं पांढरं, तोच गेरू! त्या रात्री मला झोप लागली नाही.

वारली बायका चौक काढत नाहीत, 'लिहितात'. लग्नघराची कुडाची भिंत शेणाने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा. लिहायचं ते सवाशिणींनी. चौकात पालघट, लग्नाची देवी. लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी, तीही बाईच. चौकाशिवाय लग्न लागत नाही, एवढं वजन या लिहिण्याला. तरी या बायकांना कुणी चित्रकार म्हटलं नाही. ते लग्नातलं काम, म्हणजे घरातलं काम, म्हणजे बायकांनी करायचंच.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पाड्यांवर आले. कागदावर पुरुषांचे हात चालू लागले आणि 'वारली चित्रकला' हे नाव शहरांत पोचलं. त्यांतल्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मी मुलांना दर वर्षी दाखवते. इतकी बारीक, इतकी जिवंत रेघ मी दुसरीकडे पाहिलेली नाही. त्यांचा मान त्यांचाच. पण त्यांच्या आधी भिंती लिहून गेलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव मला मुलांना सांगता येत नाही, आणि हे मला फार लागतं.

मी म्हटलं, "आजी, खाली तुमचं नाव घालू या ना."
"देवीच्या चौकाला माझं नाव कशाला, बाई?"

त्यांना नाव नको असेल तर तो त्यांचा निर्णय, मी तो मानते. आयोजकांनी मात्र त्यांना काही विचारलंच नव्हतं.

अर्ज परत मागवला. आजींना शेजारी बसवून पुन्हा 'चित्रकले'वर खूण केली. चित्राच्या नावाच्या ओळीत काय घालू, विचारलं. त्यांनी सांगितलं तसंच घातलं: लग्नाचा चौक, सवाशिणीने लिहिलेला.