माझ्यावाचून काही अडत नाही

सातारा, सोमवार

गणपती गेले, पावसाची उघडझाप चालू आहे. नाईट संपवून घरी न जाता थेट बामणोलीची एसटी धरली आणि फुलांच्या कास पठारावर उतरले. सोबत आमच्या वॉर्डातल्या मावशी. त्यांचं माहेर त्याच अंगाच्या एका वाडीतलं, त्यामुळे यवतेश्वरचा घाट चढायला लागला की त्यांचा आवाजच बदलतो. एका अंगाला कण्हेरचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडीचं, मधल्या डोंगराच्या धारेवरून रस्ता. मी मात्र घाटात झोपले होते. मावशींनी हलवून उठवलं.

आज आडवार असल्यामुळे गर्दी बेताची होती. ऑनलाइन बुकिंग आधीच केलं होतं. आत शिरल्यावर मावशींनी इकडं तिकडं न फिरता एक उघडा कातळ हेरला. "सिस्टर, हितं बसा. लई हिंडायचं न्हाई. बसलं की दिसतंय."

बसले. मोबाईल पिशवीत तळाशी टाकला. लेकाच्या कंपासमधलं भिंग आणलं होतं, ते काढलं. समोर ड्रेसिंगच्या ट्रेएवढी जमीन. ठरवलं, आज एवढंच बघायचं.

आधी नुसतं ओलं गवत दिसलं. मग गेंदाची पांढरी बटणं. त्यांच्या बुडाशी सीतेची आसवं, निळसर जांभळी, करंगळीच्या नखात मावतील एवढी. डोळे सरावायला बराच वेळ गेला. त्यानंतर दवबिंदू नावाचं रोपटं दिसलं आणि मी कातळावरून जवळजवळ पालथीच झाले. बारीक पान, त्यावर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकता थेंब. ऊन चढलं तरी थेंब सुकले नव्हते, कारण ते दव नाहीच, चिकट रस आहे. एका पानावर चिलटाएवढी माशी अडकली होती. तिचा एक पाय अजून हलत होता. आजूबाजूचे केस तिच्याकडे वाकले होते. भिंग धरून माझा हात अवघडला तरी मला ते खाली ठेववेना.

कासचं सगळं गुपित या माशीत आहे. वर जांभ्याचा कातळ, त्यावर मातीचा पातळसा थर, आणि पावसाळाभर कोसळणारं पाणी त्या मातीतलं सत्त्व धुऊन नेतं. नत्र मिळायचं कुठून? दवबिंदूने ते किड्यांकडून घ्यायचं ठरवलं. सीतेची आसवं दिसायला इतकी नाजूक, पण तीही शिकारीच. तिचे सापळे ओल्या मातीत, सूक्ष्म पिशव्यांच्या रूपात. एखादा पाण्यातला जीव पिशवीच्या तोंडाशी घुटमळला की झाकण आत उघडतं आणि पाण्यासकट तो ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात. मी ज्या फुलाकडे किती तरी वेळ शांत बघत बसले होते, त्याच्या पायाशी ही धांदल चालू होती.

या पठारावर ८५० हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद आहे आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं त्यात कास आहे, हे सगळं मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि गुडघ्याशी आलेलं यात फरक पडतो. पुढे पाणी साचलेल्या एका खळग्यात मावशींनी वायतुरा दाखवला. पाण्यावर आलेला दोन फाट्यांचा तुरा, फिकट जांभळट. त्याच्या शास्त्रीय नावात आपलं साताराच आहे. उन्हाळ्यात खळगा खडखडीत वाळतो, तेव्हा हा कंदाच्या रूपात मातीत पडून राहतो आणि पावसाची वाट बघतो. तापलेल्या कातळात, बोटभर मातीत, महिनोन्‌महिने! हे ऐकून मला भरून आलं. का ते मी शोधत बसले नाही.

मावशी टोपली कारवीच्या झुडपाशी उभ्या होत्या. नुसता हिरवा पाला, फूल नाही. "सात वर्सांनी येतंय," म्हणाल्या. "माझं लगीन झालं त्या साली डोंगर निळा झाला हुता." त्या फुलोऱ्यांच्या हिशेबानं आपलं आयुष्य सांगू लागल्या. थोरला कधी झाला, मालक कधी गेले. मी ऐकत राहिले.

आज मला जे वाटलं ते नीट लिहून ठेवायचं आहे. वॉर्डात रात्रभर मी लागते. सलाईन संपलं, सिस्टर. कळ येतेय, सिस्टर. बारा नंबरचा ताप बघा, सिस्टर. कुणाला तरी आपण लागतो याचं समाधान असतं, ते मी नाकारत नाही. पण घरी आले तरी ती हाक कानात राहते, जेवताना, आंघोळ करताना, झोपेतही. पठारावर त्या कातळावर बसले तेव्हा माझ्यावाचून कशाचंच काही अडत नव्हतं. माशी अडकली ती माझ्याशिवाय. केस वाकले ते माझ्याशिवाय. मी आले नसते तरी वायतुरा वर आलाच असता. हे कळल्यावर मला एकटं वाटलं नाही. खांदे खाली आले. नाईटनंतर जबडा आवळलेला असतो, तो सुटला. आपण नसलो तरी हे सगळं इतकं नीट चालतं, आणि तरीही आपल्याला इथे बसून बघू देतं, यापेक्षा मोठा आराम मला कुठल्या सुट्टीत मिळालेला नाही.

बुधवार, रात्र, ड्यूटीवर

वॉर्ड शांत आहे म्हणून चार ओळी.

नर्सिंगच्या वर्गात एक जुना अभ्यास कानावर आला होता, तो आज पुन्हा काढून वाचला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं एक रुग्णालय. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी रॉजर उलरिच यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, तब्येत वगैरे जुळवून जोड्या लावलेल्या. झाडंवाले थोडे आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. १९८४ साली हे छापून आलं. ४६ ही संख्या काही फार मोठी नाही, आणि गोळ्या बंद करून डोंगरावर जा असं मी कुणालाही कधी सांगणार नाही. पण नोंदी ठेवणाऱ्या सिस्टर माझ्यासारख्याच होत्या, हे मला फार जवळचं वाटतं. "रुग्ण अस्वस्थ, रडत होता" असं त्या लिहीत असणार, ड्यूटी संपता संपता, आणि त्यांना कल्पनाही नसेल की ही ओळ खिडकीबद्दल काही सांगते आहे.

आमच्या वॉर्डाच्या पश्चिमेच्या खिडकीबाहेर एक करंज आहे. त्या खिडकीपुढे चादरींचं कपाट उभं आहे. रोज बघते. आज दिसलं.

शनिवार

सकाळी अजिंक्यताऱ्यावर. कासला काही दर आठवड्याला जाणं होणार नाही, पण किल्ला दाराशी आहे. पहाटे चढणारी मंडळी घड्याळ लावून चढतात, घाम काढतात, उतरतात. त्यांचंही बरोबरच आहे, हृदयाला ते हवंच. मला मात्र अर्ध्या वाटेवर एक उंबर भेटला आणि पुढे जाववलं नाही.

खोडालाच लगडलेली फळं, काही हिरवी, काही तांबूस. एक पडलेलं उचलून उकललं. आत बारीक बारीक फुलांची दाटी, आणि त्यात एक-दोन इवल्या माश्या. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात, कारण ते फळाच्या पोटात असतं. त्यापर्यंत पोचायला गांधीलमाशीच्या कुळातली एक चिमुकली माशी लागते. फळाच्या तोंडाशी असलेल्या अरुंद फटीतून ती आत घुसते, घुसताना बहुधा पंख गमावते, आत परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांपैकी माद्या परागकण घेऊन दुसऱ्या फळाकडे उडतात. झाड तिच्याशिवाय नाही, ती झाडाशिवाय नाही. आणि आम्ही दत्ताचं झाड म्हणून प्रदक्षिणा घालतो, तेव्हा डोक्यावर हा सगळा संसार चाललेला असतो.

एक काका थांबले. "काय पडलं का हो तुमचं?" मी उकललेलं फळ दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, डोळ्याजवळ नेलं, आणि बराच वेळ परत दिलंच नाही. "साठ वर्षं चढतोय," एवढंच म्हणाले. खाली जाताना ते प्रत्येक उंबरापाशी मान वर करत होते.

कॅलिफोर्नियात ज्येष्ठ माणसांवर झालेला एक प्रयोग वाचला होता, २०२० सालचा. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा फक्त १५ मिनिटं चालायचं. एका गटाला सांगितलं, चालताना थक्क करणारं काही शोधा. दुसऱ्या गटाला नुसतं चालायला सांगितलं. दोघांनीही चालताना स्वतःचे फोटो काढायचे. आठवडे गेले तसं पहिल्या गटाच्या फोटोत माणूस लहान होत गेला, मागचं जग जास्त जागा घेऊ लागलं, आणि हसू मोठं झालं. काकांचा फोटो कुणी काढायला हवा होता आज.

इंग्लंडमध्ये सुमारे २० हजार माणसांच्या माहितीवरून आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान जास्त बरं असल्याचं दिसलं. एका दमात घालवा नाहीतर थोडं थोडं करून, फरक पडत नाही. कामावरच्या बायांना हे सांगायला सोपं आहे. दोन तास एकदम कुणाला मिळतात? वीस मिनिटं मिळतात. धुणं वाळत घालताना कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर येणारी मधमाशी बघायची झाली तर पाचही पुरतात, फक्त तेवढ्यात दुसरं काही करायचं नाही. तेच अवघड जातं.

रविवार

पुढच्या आठवड्याची ड्यूटी लागली, तीन मॉर्निंग. इनचार्ज सिस्टरना कपाटाचं बोलले. आधी म्हणाल्या, चादरी मग ठेवायच्या कुठं. मी स्टोअरशेजारची जागा मोजून ठेवली होती, ती दाखवली. त्यांनी खिडकीतून डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, इथं झाड आहे?"

माण तालुक्यातले एक आजोबा, हर्नियाचं ऑपरेशन झालेले, त्या कोपऱ्यातच आहेत. कपाटाच्या कडेनं थोडी फांदी दिसते तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. "करंज हाय त्यो. आमच्या बांधाला हुता." त्यांना पूर्ण झाड हवंय. वॉर्डबॉय दोघं लागतील, आणि डॉक्टरांच्या राउंडच्या आधी कपाट हललं पाहिजे. सातलाच पोचते.