नवतपा, कूलरचं पाणी आणि सदाफुली

मे अखेर, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस चालू

चिवट झाडं उन्हापेक्षा पाण्याने जास्त मरतात, हे मी आता कोणालाही छातीठोकपणे सांगते. आपल्या नागपुरात पारा ४५ च्या आसपास गेला की वाटतं झाडालाही आपल्याएवढीच तहान लागली असणार, मग सकाळी आजोबा पाणी टाकतात, दुपारी सुट्टीतली मुलं हौसेने टाकतात आणि रात्री आजी "आज कुंड्यांना कोणीच पाणी नाही टाकलं का गं" म्हणत परत एक तांब्या. सगळ्या घराची माया एकाच स्नेक प्लांटवर! म्हणून आमच्याकडे पाण्याचं खातं फक्त बाबांकडे आहे, आणि बोट दोन पेरं मातीत खुपसून बघितल्याशिवाय तांब्या उचलायचा नाही असा नियम आहे. झेडझेड प्लांट, स्नेक प्लांट, कोरफड यांना तर माती पार सुकल्यावरच. झेडझेडच्या मुळाशी बटाट्यासारखे गड्डे असतात, त्याचा साठा त्याच्यापाशीच असतो, त्याला रोज विचारायची गरज नसते.

बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आज परत एक फोटो आला, पानं पिवळी, मान टाकलेली, आणि लगेच खाली "पाणी वाढवा", "खत द्या", "सावलीत ठेवा", "उन्हात ठेवा". सगळे मनापासून सांगतात, मला त्याचं खरंच कौतुक आहे, पण नुसत्या फोटोवरून हे कळत नाही. पाणी कमी पडलं तरी झाड मान टाकतं आणि जास्त झालं तरी टाकतं, कारण चिखलात मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात आणि मग भोवती पाणी असूनही वर चढत नाही. त्यामुळे मी आधी विचारते, कुंडी उचलून बघा, जड लागते का हलकी? मातीला कुबट वास येतो का? पाणी खालच्या भोकातून बाहेर पडतं का? एवढं बघितलं की बहुतेक वेळा विचारणाऱ्यालाच उत्तर सापडतं. आणि माती, अरे हो, आपली काळी माती नुसती कुंडीत भरू नका, ओली झाली की फुगून चिकट होते, सुकली की भेगा पडून कुंडीची कड सोडते आणि मग टाकलेलं पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं. निम्मी माती, बाकी जाडी रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत, बस. या उन्हात खतं वगैरे काही नको, पाऊस पडू द्या.

पाण्याचं अजून एक. उन्हाळ्यात घराघरात कूलर चालतो आणि टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक झाडांना टाकतात, भावना चांगली आहे पण बोअरचं पाणी असेल तर जपून, कारण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, खसच्या ताट्यांवर पांढरं बसतं ना, तेच. तेच पाणी रोज कुंडीत गेलं की मातीवर पांढरा थर येतो आणि पानांची टोकं जळतात. आरओ फिल्टरच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तसंच, ते फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. याउलट एसीच्या नळीतून थेंब थेंब पडणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्याखाली बादली लावा, झाडांना चालतं. आणि कुंडीखालच्या ताटल्या, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायचीच, नुसती ओतून नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी टिकतात.

ग्रुपवर दुसरं फिरत असतं ते स्नेक प्लांट घरातली हवा शुद्ध करतं. ते रात्री पानांची छिद्रं उघडतं हे खरं, दिवसा उन्हात पाणी उडू नये म्हणून, आणि म्हणूनच ते आपल्या उन्हाळ्यात तग धरतं. पण हवा शुद्ध होते हे ज्यावरून सांगतात तो नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेटीत केलेला होता, आणि २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले तेव्हा दिसलं की घरात साध्या वाऱ्याने जेवढी हवा बदलते तेवढं काम करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. तेव्हा खिडकी उघडा, आणि झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा, तेवढं कारण मला पुरतं.

सदाफुलीचं मात्र नीट लिहायचंय. माझं सगळ्यात लाडकं झाड, मूळ मादागास्करचं, आणि आपल्याकडे गच्चीच्या भेगेतसुद्धा उगवतं. "शुगरसाठी रोज चार पानं चावून खा" असा मेसेज दर काही महिन्यांनी येतो आणि मला धडकी भरते, कारण ग्रुपवरच्या बऱ्याच जणांना शुगर आहे आणि झाड प्रत्येकाच्या दारात आहे. १९५२ साली जमैकातून याच समजुतीमुळे सदाफुलीची पानं कॅनडात तपासणीला गेली, तिथे रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या शास्त्रज्ञांना उंदरांमध्ये साखरेवर काही खास परिणाम दिसला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. त्यातूनच पुढे विनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध मिळालं, आणि याच झाडातलं विनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही देतात. ही औषधं डॉक्टर मोजून, लक्ष ठेवून देतात. अशा झाडाची पानं अंदाजाने चावायची नाहीत, गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही. आज मी हे सगळं ग्रुपवर लांबलचक लिहिलं, तो मेसेज परत आला की परत लिहीन. कण्हेरीबद्दलही लिहिलं, छोटी मुलं असलेल्या घरात ती नकोच, अख्खं झाड विषारी.

मृग लागून दोन-चार चांगले पाऊस झाले की रोपं वाटायची आहेत. पानफुटीचं एक पान मातीवर ठेवलं तरी कडेने रोपं फुटतात, पानओव्याची फांदी नुसती खोचायची, गवती चहाचं बेट फोडायचं, मनी प्लांटची वेल मात्र गाठीखाली कापायची, गाठ नसेल तर मुळं फुटत नाहीत. स्नेक प्लांटची पिवळी किनार ज्यांना हवी त्यांनी पान कापून लावू नका, त्याची नवी रोपं नुसती हिरवी येतात, मुळासकट बाजूचा फुटवा न्या. पहिला फुटवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना द्यायचाय, त्यांनी कुंडी तयार ठेवलीय, तिला खाली भोक पाडून घ्यायला सांगायचं राहिलंय, ते उद्या सकाळी सांगते.