तुम्ही विचारलंत म्हणून: महाराजांच्या सिनेमाला मी का येत नाही

"भुताचे पिक्चर रात्रीच्या शेवटच्या शोला एकटी जाऊन बघतेस आणि महाराजांचा पिक्चर लागला की तुला कामं निघतात, हे कसं काय गं?" वर्षभरात हे मला आमच्या घरच्या ग्रुपवर विचारून झालंय, ८.१२ च्या लोकलमध्ये विचारून झालंय, गणपतीत लालबागला काकूकडे पंगतीत बसले होते तिथेही विचारलंत. एकाने तर सरळच विचारलं, तुला महाराजांबद्दल काही वाटत नाही का. त्या दिवशी मी ताट अर्धं टाकून उठले. दर वेळी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेते पण आता पुरे झालं, एकदा नीट सांगते.

आधी भुतांचं सांगते कारण ते सोपं आहे. आम्ही चाळीत वाढलो, गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि रात्रभर कॅसेटी लावायचे, त्यात मी 'पुराना मंदिर' बघितला. ८४ साली आलेला सिनेमा आमच्या चाळीत दोन-तीन वर्षांनी पोचला होता. त्यातल्या सामरी नावाच्या राक्षसामुळे मी महिनाभर आई आणि बाबांच्या मध्ये झोपत होते, संडास गॅलरीच्या टोकाला होता तिथे जायला दादाला उठवायचे, तो बिचारा बाहेर उभा राहून मोठ्याने गाणी म्हणायचा म्हणजे मला कळावं की तो आहे. तेव्हापासून मला हे सिनेमे आवडतात. आजी गावच्या गोष्टी सांगायची, देवचार, मुंजा, चकवा, आणि सांगताना ती स्वतःपण घाबरायची, त्यामुळे घाबरण्याची लाज आमच्या घरात कधी वाटली नाही. 'तुंबाड' मी २०१८ ला बघितला आणि २०२४ च्या सप्टेंबरला परत थेटरात लागला तेव्हा परत गेले. तो सतत पडणारा पाऊस, ती पिठाची बाहुली, ती साखळीने बांधलेली म्हातारी. तीन तुकड्यांत चालतो तो, १९१८, १९३३, १९४७, आणि बापाची हाव पोराच्या अंगात उतरते ती आपल्या डोळ्यांदेखत. घाबरून बाहेर आले तरी मला माहीत असतं की यातलं कोणी खरं मेलेलं नाहीये. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरं. ऐतिहासिक सिनेमा मला आवडायचा नाही असं कोणी म्हणू नका. बाबा गिरणीत होते, भारतमाता थेटरला मराठी सिनेमा लागला की आम्ही जायचोच. भालजी पेंढारकरांचा १९५२ चा 'छत्रपती शिवाजी' त्यांना पाठ होता, महाराज झालेले चंद्रकांत घोड्यावर दिसले की ते खुर्चीत ताठ बसायचे. मला तेव्हा त्यात खोट वाटायची. पडद्यावरचे किल्ले पुठ्ठ्याचे वाटायचे, माणसं तलवार लागली की कपाळावर हात ठेवून पडायची, रक्त नाही काही नाही. मी कॉलेजात असल्यापासून भांडत आलेय की खरं दाखवा ना, लोकांनी जीव दिलाय, तो कसा दिला ते दाखवायला घाबरता कशाला. हे मी ट्रेनमध्येसुद्धा कितीदा बोललेय, आमच्या डब्यातल्या बायकांना आठवत असेल. म्हणजे आज ज्याच्याविरुद्ध बोलतेय ते मीच मागत होते.

तर २०२५ चा फेब्रुवारी. संभाजी महाराजांवरचा 'छावा' लागला. दहा तिकिटं मी काढली, दुपारचा शो, रविवार. भाचा तेव्हा आठ वर्षांचा. वहिनी म्हणाली, ताई तो लहान आहे, त्याला आईकडे ठेवूया. तिकिटावर १६ प्लस लिहिलेलं होतं. पण ते यूएमधलं १६ प्लस, म्हणजे आईबापाच्या जबाबदारीवर नेता येतं, ए सर्टिफिकेट असतं तर अठराच्या आतल्या पोराला दारातच अडवलं असतं. मी वहिनीला म्हटलं, अगं येऊ दे, कळू दे त्याला, मी आहे ना बाजूला. हे वाक्य माझं आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, वहिनीला माहितीये आणि ती कधी बोलून दाखवत नाही.

पोराच्या कपाळावर चंद्रकोर काढली होती, गळ्यात भगवा रुमाल. लढाया सुरू होत्या तोपर्यंत तो खुर्चीत उभाच होता, मजेत होता. मग संगमेश्वर आलं, महाराज पकडले गेले, आणि शेवटचा भाग सुरू झाला. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, मी परत लिहिणार नाही. त्याचा हात माझ्या हातात होता. आधी घट्ट होता, मग नखं रुतायला लागली, मग डोळ्यांचा प्रसंग आला तेव्हा त्याने हात सोडून दोन्ही मुठी स्वतःच्या डोळ्यांवर गच्च दाबल्या. मी त्याच्या तोंडावर ओढणी टाकली. तर पलीकडच्या सीटवरचे गृहस्थ वाकून म्हणाले, "ताई, बघू दे त्याला, राजांनी काय सोसलं ते कळायला हवं." आणि मी ओढणी काढली. का काढली? तीन वर्षं बोला, मला उत्तर सापडणार नाही. आजूबाजूला सगळे रडत होते, मीसुद्धा, आणि त्या क्षणी मला वाटलं की मी ओढणी धरून ठेवली तर मी त्या दुःखातून अंग काढून घेतेय असं होईल.

दिवे लागले. पोरगा हुंदके देत होता, श्वास अडकत होता, नाक गळत होतं. चार मोबाईल त्याच्याकडे वळले, एकाचा टॉर्च चालू. कोणीतरी म्हणालं, बोल बाळा, जय शिवराय बोल. तो बोलला, उचकीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाचे डोळे भरलेले, छाती फुगलेली, त्याला खरंच अभिमान वाटत होता आणि तो खोटा नव्हता, हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम सांगते. मी त्या टॉर्चवाल्या मुलाचा हात बाजूला ढकलला, त्याचा फोन पडला, आणि मग जे झालं ते झालं. पार्किंगमध्ये दादा मला म्हणाला, भुताचे पिक्चर बघून तुझं काळीज मेलंय. आम्ही पुढे दोन महिने बोललो नाही.

एप्रिलमध्ये पोराचे डोळे आले. डॉक्टरांनी ड्रॉप दिले, दिवसातून चार वेळा. त्याने घालू दिले नाहीत. ड्रॉपची बाटली डोळ्याजवळ आली की किंचाळायचा. आईने मांडीवर डोकं धरलं, वहिनीने हात धरले, दादाने पाय धरले आणि मी ड्रॉप घालत होते, आणि तो "नको, नको" म्हणत असताना मी आणि दादाने एकमेकांकडे बघितलं. बोललो काहीच नाही. दिवसातून चार वेळा, सात दिवस.

तुमचं म्हणणं मला माहितीये. तूपण लहानपणी सामरी बघून घाबरलीसच ना, आणि आता ते कौतुकाने सांगतेस. हो, सांगते. पण सामरी नव्हताच, हे मला बाबांनी सांगितलं आणि प्रश्न मिटला. याला मी काय सांगू? असं झालं नव्हतं म्हणून? झालं होतं. ११ मार्च १६८९. शिवाजी सावंतांचं 'छावा' पुस्तक मी कॉलेजात वाचलं होतं, शेवट वाचताना तीनदा पुस्तक मिटलं, गॅलरीत जाऊन आले, परत उघडलं. थेटरात मिटता येत नाही, आणि मिटायला गेलं तर शेजारचा ओढणी काढायला सांगतो.

आणखी एक गोष्ट मला सलते. महाराजांच्या कैदेतले ते चाळीस दिवस पोराला पाठ आहेत. पण १६८१ ला गादीवर बसलेला राजा आठ वर्षं एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी लढत होता, संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा होता, आणि त्यांना मारून औरंगजेबाचं काम संपलं नाही, तो इथेच अडकून पडला आणि १७०७ ला नगरजवळ मेला, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग ते जिंकले ना शेवटी? मला पटकन हो म्हणता आलं नाही, येसूबाई आणि शाहू कैदेत होते ते आठवलं.

आणि तरीही. तो सिनेमा नसता तर त्याने हा प्रश्नच विचारला नसता. परवा दिवाळीत बिल्डिंगच्या पोरांनी रायगड केला, माती त्याने स्वतः आणली, मावळे मांडले, आळीव पेरलं. आधीच्या वर्षी तो मोबाईलमधून डोकं वर काढत नव्हता. दादा म्हणतो, बघ, हे त्यामुळे. असेल. मी नाही म्हणत नाही. बाबांच्या वेळच्या त्या कपाळावर हात ठेवून पडणाऱ्या माणसांची मला आता आठवण येते, पण आज तसं दाखवलं तर मीच उठून जाईन, हेही खरं आहे.

तर माझं तिकीट काढू नका. पोराला नेणार असाल तर मला आदल्या दिवशी कळवा, आणि वहिनी नको म्हणाली तर तिचं ऐका, मी त्याच्याजवळ घरी थांबेन.