पुलावरून फौज आली तो सोमवार

२०११ साली मी बहरीनमध्ये मालवाहतुकीच्या कंपनीत होतो. आमचे ट्रक सौदीतल्या दम्मामकडून भाजी, दूध, सुटे भाग घेऊन किंग फहद कॉजवेवरून येत. समुद्रावरचा हा २५ किलोमीटरचा पूल म्हणजे बहरीनमध्ये यायचा एकमेव खुष्कीचा रस्ता. कुठली गाडी कुठे अडकली, यावर लक्ष ठेवणं माझं काम.

१४ मार्चला ड्रायव्हरांचे फोन सुरू झाले. "साहेब, गाड्या बाजूला घ्यायला लावल्यात. फौज चाललीय." मग टीव्हीवरही तेच दिसलं. चिलखती गाड्यांची रांग आणि त्यातून विजयाची बोटं दाखवणारे सौदी सैनिक. हजारेक सैनिक, शिवाय अमिरातीचे पाचशे पोलीस. बहरीनमध्ये राज्यकर्त्यांविरुद्ध निदर्शनं चालू होती आणि ही फौज राजाच्या मदतीला आली होती.

शेजारच्या टेबलावर कस्टमची कागदपत्रं बघणारा बहरीनी सहकारी होता. शिया, दोन मुलींचा बाप. फेब्रुवारीपासून ऑफिस सुटलं की तो निदर्शनांसाठी पर्ल चौकात जाई. राजाचे काका १९७१ पासून पंतप्रधान होते. ते पद लोकांनी निवडलेल्या माणसाकडे जावं, एवढीच तिथल्या अनेकांची मागणी होती. अमेरिकेवर त्याचा मनापासून भरवसा होता. तिचं पाचवं आरमार राजधानी मनामातच, जुफैरला. आदल्या शनिवारी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स येऊन गेले आणि सुधारणांच्या इवल्याशा पावलांनी भागणार नाही, असं त्यांनी राज्यकर्त्यांना सुनावलं, तेव्हा हा किती हरखला होता!

सोमवारी तो टीव्हीसमोरून हलेना. "भाई, गेट्स परवाच इथे होते. आता अमेरिका यांना परत पाठवेल ना?"

मी गप्प बसलो. वॉशिंग्टनने सगळ्यांनाच संयमाचा सल्ला दिला, फौज मागे घ्या असं काही म्हटलं नाही. आणि त्याच आठवड्यात, १७ मार्चला, लिबियातल्या नागरिकांच्या रक्षणाचा ठराव अमेरिकेच्या पाठिंब्याने सुरक्षा परिषदेत मंजूर झाला. १९ तारखेला तिथे बॉम्बही पडू लागले. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी क्रूर होता, त्याबद्दल वाद नाही. पण बहरीनच्या राजाकडे अमेरिकी आरमाराचा तळ होता आणि पाठीशी सौदी अरेबिया. माझ्या मते फरक तिथेच पडला, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

१६ तारखेला चौक मोकळा केला गेला, १८ ला तिथलं मोत्याचं स्मारक पाडलं. निदर्शनांना गेलेल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आमच्या यादीत त्याचंही नाव होतं. त्याच्या कामात कधी खोट निघाली नव्हती, हे मी वरिष्ठांना सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

मे महिन्यात ओबामा भाषणात म्हणाले, विरोधक तुरुंगात असताना खरा संवाद होऊ शकत नाही. बरोबरच बोलले. सप्टेंबरात त्यांच्याच सरकारने बहरीनला ५.३ कोटी डॉलरची शस्त्रं विकण्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवला. ओरड झाल्यावर तो लांबणीवर पडला. त्या सुमारास सहकाऱ्याचा फोन आला. कुवेतमध्ये नोकरीसाठी शिफारसपत्र हवं होतं. मी ते त्याच संध्याकाळी लिहून दिलं. अमेरिकेचं नाव आमच्यापैकी कुणीच काढलं नाही.